बीकन पेटेपर्यंत: मे ते भाऊबीज

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर गेममध्ये चार थरांचं पूर्ण बीकन, म्हणजे आभाळात झोत सोडणारी आणि आसपास शक्ती देणारी मांडणी, उभं करायला मला जवळजवळ सहा महिने लागले. ११ मे २०२४ ला गेम विकत घेतला आणि ३ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुपारी, काम पूर्ण झालं. मधल्या काळात कितीतरी वेळा वाटलं की आपल्याला जमायचं नाही. तेव्हा मराठीत कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं हवं होतं. म्हणून हे लिहिते आहे. मी कराडला एका कॉलेजच्या ऑफिसात हिशेब बघते, वय ४१, याआधी कुठलाच गेम खेळलेले नव्हते. तुम्हीही तशाच असाल तर बिचकू नका.

सुरुवात भाच्यामुळे झाली. ओम, माझ्या पुण्याच्या भावाचा मुलगा, अकरा वर्षांचा. मेच्या सुट्टीत महिनाभर राहायला आला होता. एका संध्याकाळी त्याने मला एक चित्र दाखवलं: डोंगरावर लोखंडाचा पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, त्यावर काचेचा एक ठोकळा आणि त्यातून सरळ आभाळात गेलेला पांढरा झोत. म्हणाला, "आत्या, हे ब्लॉक नुसते शोभेचे नाहीत. ते बरोब्बर मांडले की जादू चालू होते. मला एकट्याला जमत नाहीये. तू मदत करशील?"

'बरोब्बर मांडले की' एवढ्यातच सगळं आहे, हे मला नंतर कळलं. या गेममधली मोठी जादू कुठे मंत्र म्हणून होत नाही, मांडणी करून होते. रांगोळीत ठिपके मोजून काढावे लागतात तसे इथे ब्लॉक मोजून ठेवावे लागतात. कुठला ब्लॉक, कुठे, कोणत्या क्रमाने, मध्ये मोकळी जागा किती, हे सगळं जुळलं की ती मांडणी जागी होते. जुळलं नाही तर गेम एक अक्षर बोलत नाही. काय चुकलं ते सांगत नाही. माझे सहा महिने त्या गप्प राहण्याशी झुंजण्यातच गेले.

आधी कागदपत्रांचं. कॉम्प्युटरवर गेम घ्यायला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पूर्वी गेम बनवणाऱ्या मोजांग कंपनीचं वेगळं खातं चालायचं, आता चालत नाही. एकदा पैसे भरले की जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या मिळतात. आम्ही जावा घेतली, त्यामुळे पुढचं सगळं त्या आवृत्तीचं आहे. पैसे भरताना व्यवहार दोनदा नाकारला गेला. तासभर डोकं चालवल्यावर कळलं की माझं कार्ड मी कधीच ऑनलाइन वापरलेलं नव्हतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या सूचनेनंतर अशा कार्डांचा ऑनलाइन वापर मुळात बंदच असतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, मर्यादाही आपणच ठरवायची. ते केलं आणि तिसऱ्या वेळी पैसे गेले.

ओमचं खातं त्याच्या बाबांच्या फॅमिली ग्रुपमध्ये होतं. लहान मुलांच्या खात्याला इतरांबरोबर खेळायची परवानगी पालकांनी वेगळी द्यावी लागते. दादाने पुण्याहून आपल्या खात्यात लॉगिन करून ती दिली, तरी ओमला माझ्या जगात येता येईना. शेवटी त्याने एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्यावर आला. यात एक अख्खा रविवार गेला. तुम्ही मुलांबरोबर खेळणार असाल तर हे आदल्या दिवशी उरकून ठेवा, मुलांचा हिरमोड होतो. बाकी खर्च म्हणजे एक साधा माउस, ४५० रुपये. टचपॅडवर हा गेम खेळायचा प्रयत्न करू नका, मनगट दुखून येतं.

बीकनसाठी काय काय लागतं ते मी पहिल्याच रात्री वहीत लिहून काढलं. बीकनचा ब्लॉक बनवायला पाच काचा, तीन ऑब्सिडियन (एक कठीण काळा दगड) आणि एक नेदर स्टार. नेदर स्टार फक्त विदर नावाच्या तीन डोक्यांच्या राक्षसाला मारून मिळतो. तो राक्षस आपणच मांडणी करून बोलवायचा असतो. त्याला तीन कवट्या लागतात, त्या नेदर नावाच्या पाताळासारख्या जगातल्या किल्ल्यात मिळतात. नेदरला जायला पोर्टल, म्हणजे जादूचं दार लागतं, तीही मांडणीच. आणि बीकन ठेवायला खाली चौथरा: वरचा थर ३×३, मग ५×५, ७×७ आणि तळाचा ९×९. म्हणजे ९ + २५ + ४९ + ८१ = १६४ ब्लॉक. लोखंडाचा एक ब्लॉक नऊ इंगटांचा, म्हणजे वितळवलेल्या लोखंडाच्या नऊ विटांचा. १६४ गुणिले नऊ, १४७६ इंगट. आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला. ओम मात्र म्हणाला, "आत्या, पहिले पोर्टल. एका वेळी एकच."

पोर्टलची चौकट ऑब्सिडियनची. लाव्हाच्या डबक्यावर बादलीने पाणी सोडलं की वरचा लाव्हा काळाभोर ऑब्सिडियन होतो, तो हिऱ्याच्या पिकॅक्सने, म्हणजे कुदळीने, काढायचा. एकेका ब्लॉकला नऊ-दहा सेकंद बटण दाबून धरावं लागतं. ब्लॉक काढण्याआधी त्याच्या खाली काय आहे याचा अंदाज घ्या. खाली अजून लाव्हा असेल तर सुटलेला ब्लॉक त्यात पडून जळतो. माझे दोन असे गेले. कोपरे सोडले तर दहा ब्लॉकमध्ये चौकट होते, कोपऱ्यांत काहीच नसलं तरी चालतं.

२५ मेच्या रात्री मी एकटीने चौकट उभी केली, चकमकीने खालच्या ब्लॉकवर ठिणगी टाकली. ज्योत पेटली, थोडी नाचली आणि विझली. पुन्हा टाकली, पुन्हा विझली. आठ-दहा वेळा केलं. वाटलं चकमक खराब आहे, दुसरी बनवली. तेच. सकाळी ओम उठून आला, दात घासत घासतच स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "आतली उंची दोनच आहे गं. तीन पाहिजे." आतली मोकळी जागा रुंदीला दोन आणि उंचीला तीन, ही कमीत कमी. मी ब्रश खाली ठेवायलाही त्याला वेळ दिला नाही, लगेच वरची पट्टी काढून एक ब्लॉक वर सरकवली. ठिणगी टाकली तशी सगळी चौकट जांभळ्या पडद्याने भरून गेली. त्यातून येणारा तो घुमणारा आवाज ऐकून अंगावर काटा आला होता.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. प्रत्येक मांडणीचं चित्र वहीत चौकोनी कागदावर आधी काढायचं, भरलेली घरं पेन्सिलीने रंगवायची आणि जी रिकामी असायलाच हवीत त्यांत फुली मारायची. रिकाम्या घरांचीही नोंद करायची, हे महत्त्वाचं. त्याचं कारण पुढच्याच कामात कळलं.

ओम ९ जूनला परत गेला. जाताना त्याने मला दोन गोष्टी शिकवल्या. एफ३ दाबलं की आपण कुठे आहोत त्याचे आकडे दिसतात, पोर्टल आणि घर दोन्हीचे आकडे लिहून ठेवायचे. नेदरमधलं एक पाऊल म्हणजे बाहेरची आठ, त्यामुळे तिथे थोडं भरकटलं तरी बाहेर फार लांब निघतो. आणि आवृत्ती बदलण्याआधी 'सेव्हज' हे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचं. १३ जूनला १.२१ आली तेव्हा मी हे केलं. आमचं जग नीट उघडलं, पण ती प्रत जवळ असल्याने जीव शांत होता.

किल्ल्यात जाण्याआधी हत्यारं मंतरून घ्यायची होती. त्यासाठी एन्चांटिंग टेबल आणि भोवती पंधरा बुकशेल्फ. एका शेल्फला तीन पुस्तकं, एका पुस्तकाला तीन कागद आणि एक चामडं. टेबलाचं एक धरून ४६ पुस्तकं, म्हणजे १३८ ऊस आणि ४६ चामडी. या गेममधला ऊसही पाण्याला लागूनच लागतो आणि तीन ब्लॉक उंच होऊन थांबतो. खालचा ब्लॉक ठेवून वरचे दोन तोडले की पुन्हा वाढतो. आमच्याकडे खोडवा ठेवतात तसंच, त्यामुळे हे काम मला आवडलं.

टेबल मधोमध, त्याच्याभोवती एक ब्लॉक मोकळा, आणि मग शेल्फ. पंधरा झाली की सर्वांत वरची, तीस नंबरची पातळी मिळायला हवी. मला काही केल्या तेवढी मिळेना. शेल्फ चार वेळा मोजली, पंधराच होती. त्या रात्री मी नुसती खोलीत उभी राहून बघत राहिले. शेल्फमधून छोटी छोटी विचित्र अक्षरं निघतात आणि तरंगत टेबलावरच्या उघड्या पुस्तकात शिरतात, हे आधीही पाहिलं होतं. पण त्या रात्री लक्षात आलं की डाव्या भिंतीच्या दोन शेल्फमधून एकही अक्षर निघत नाहीये. त्या दोघांच्या समोर, त्या मोकळ्या ब्लॉकमध्ये, उजेडासाठी मीच दोन मशाली लावल्या होत्या. मशाली काढल्या. दहा सेकंदांत तिथूनही अक्षरं निघाली, आणि टेबलावर तीस आकडा आला.

एवढ्या सगळ्या प्रवासात गेमने मला दिलेली ही एकच खूण. जी शेल्फ जोडली गेली आहे तिच्यातूनच अक्षरं निघतात. तुमचं टेबल कमी पातळी दाखवत असेल तर मोजत बसू नका, शांत उभं राहून अक्षरं कुठून येतात ते बघा. ही लिपी माइनक्राफ्टची स्वतःची नाही, 'कमांडर कीन' या नव्वदच्या दशकातल्या गेममालिकेतून घेतलेली आहे. तिची अक्षरं इंग्रजी अक्षरांशी जुळतात. मी हौसेने टेबलावरच्या ओळी लावून वाचल्या. पण ते शब्द आपल्याला कोणती शक्ती मिळणार ते सांगत नाहीत, कसेही जोडलेले असतात. त्यामागे वेळ घालवला नाही तरी चालेल.

टेबलातून माझ्या तलवारीला लूटिंगची, म्हणजे मारल्यावर जास्त वस्तू पाडणाऱ्या शक्तीची, दुसरी पायरी मिळाली. कवट्यांसाठी हीच हवी. विदर स्केलेटन, म्हणजे किल्ल्यातला काळा सांगाडा, मारल्यावर कवटी पडण्याची शक्यता एरवी शंभरात अडीच, लूटिंग दोन असेल तर साडेचार, तीन असेल तर साडेपाच. म्हणजे माझ्या तलवारीने साधारण बावीस मारल्यावर एक. तीन हव्यात.

जुलै आणि ऑगस्ट त्यातच गेले. किल्ला पोर्टलपासून बराच लांब निघाला. तिथल्या अंधाऱ्या वाटांवर हे काळे सांगाडे उभे असतात, दगडी तलवारी घेऊन. त्यांचा घाव लागला की स्क्रीनवरची आपला जीव दाखवणारी हृदयं काळी पडत जातात आणि थोडा वेळ जीव आपोआप कमी होत राहतो. दूध प्यायलं की ते थांबतं. दुधाची एक बादली कायम जवळ ठेवा. दुसरी युक्ती मला स्वतःलाच सापडली आणि मग ओमने फोनवर समजावून सांगितली. विदर स्केलेटन जवळजवळ अडीच ब्लॉक उंच असतो, आपण दोनपेक्षा कमी. त्यामुळे वाटेत दोन ब्लॉक उंचीचं दार बांधलं की तो आत येऊ शकत नाही, आपण मात्र आत उभं राहून त्याचे पाय तोडू शकतो. अंगावर सोन्याची एखादी वस्तू घातली की वाटेतले पिग्लिन, म्हणजे डुकरासारखी माणसं, तीही आपणहून त्रास देत नाहीत.

वहीत मी प्रत्येक सांगाड्याची रेघ ओढत होते, पाचाला एक आडवी. पहिली कवटी १४ जुलैला, एकोणिसाव्या सांगाड्याला मिळाली. मी ओमला लगेच फोन केला, रात्रीचे साडेदहा वाजले होते, वहिनीने उचलला आणि तिलाच सगळं सांगून टाकलं. त्यानंतर मात्र नुसत्या रेघा. कोळसा, हाडं, कोळसा, हाडं.

२८ जुलैला मी लाव्हात पडले. कड्यावरून चालत होते, घास्ट नावाच्या उडत्या राक्षसाचा आगीचा गोळा येऊन आपटला, ढकलली गेले आणि खाली लाव्हाचा समुद्र. तलवार, चिलखत, सगळं जळून गेलं. एरवी मेल्यावर आपल्या वस्तू पाच मिनिटं तिथेच पडून राहतात, धावत जाऊन उचलता येतात. लाव्हात काही उरत नाही. पहिली कवटी घरी पेटीत ठेवलेली होती म्हणून वाचली. मी लॅपटॉप बंद केला आणि आठवडाभर उघडला नाही. ऑफिसात वही उघडली की शेवटच्या रेघेपाशी नजर जायची आणि घसा दाटून यायचा. लोकांना हे पोरकट वाटेल, पण दीड महिन्याच्या संध्याकाळी होत्या त्या.

ओमने रविवारी फोन केला. गेमबद्दल काहीच विचारलं नाही, शाळेतलं सांगत बसला. मग ठेवता ठेवता म्हणाला, "आत्या, टेबल तर आहेच ना अजून. तलवार परत मंतरता येईल." टेबल होतं, शेल्फ होती, ऊस वाढलेला होता. १० ऑगस्टपर्यंत पुन्हा लूटिंग दोनची तलवार हातात होती. आता कड्याला आधी दोन्ही बाजूंनी दगडाचा कठडा बांधायचा आणि मगच चालायचं, हा नियम केला. तुम्हीही पहिल्या दिवसापासून करा. दुसरी कवटी १७ ऑगस्टला, त्रेसष्टाव्याला. तिसरी दुसऱ्याच दिवशी, एकाहत्तराव्याला.

लोखंड. ऑगस्टअखेर खाणीतून ५४० इंगट जमले होते, साठ ब्लॉकपुरते. हवे होते आणखी ९३६. चौथऱ्यात लोखंड, सोनं, पाचू, हिरा, नेदराइट यांपैकी काहीही चालतं, मिसळलं तरी चालतं, आणि ताकद सगळ्यांची एकसारखी. हिरे घालून काही जास्त मिळत नाही. त्यामुळे लोखंडच बरं, कारण त्याची शेती करता येते. गावकरी घाबरले की त्यांच्या रक्षणासाठी गोलेम नावाचा लोखंडी राखणदार उभा राहतो, त्याला पाण्याच्या धारेने लाव्हाकडे न्यायचं, आणि तीन ते पाच इंगट खाली पेटीत पडतात. मी गणपतीच्या सुट्टीत ही मांडणी केली: तीन गावकरी, त्यांचे पलंग आणि समोर कोंडलेला एक झॉम्बी. तासाला साधारण अडीचशे इंगट. गेम चालू ठेवून स्वयंपाकघरात जायचं असेल तर एफ३ आणि पी एकत्र दाबा, म्हणजे दुसरी खिडकी उघडली तरी गेम थांबत नाही. चार संध्याकाळी पोळ्या होईपर्यंत ते चालू होतं.

पेटी उघडली की इंगटांबरोबर लाल पॉपीची फुलंही असायची. गोलेम मेला की तीही पडतात. हेच गोलेम गावातल्या लहान मुलांना पॉपी देतात, ते मी दुसऱ्या गावात पाहिलं होतं. मला ते बघवेना. हिशेब पुरा झाल्या दिवशी झॉम्बीला काढलं, त्या तिघांना पलंगांसकट त्यांच्या घरात परत नेलं आणि फुलं गावाच्या विहिरीभोवती लावली. खेळातल्या बाहुल्यांसाठी एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. मला बरं वाटलं.

आता विदर. त्याच्यासाठी एक वेगळी तलवार केली. ग्रंथपाल गावकऱ्याकडून स्माइट पाचचं पुस्तक घेतलं, ३१ पाचूंना. तो २४ कागदांना एक पाचू देतो, म्हणजे ७४४ कागद. पुन्हा ऊस. स्माइट मृतांच्या जातीतल्या सगळ्यांवर जास्त लागतं, आणि विदर त्यातलाच. १२ ऑक्टोबरला दसरा होता. लॅपटॉपला हळदकुंकू वाहून आपट्याचं पान ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, खाली गेले.

विदर मोकळ्या आभाळाखाली बोलवू नका, तो उडतो आणि घरंदारं फोडतो. मी जमिनीखाली खोल, घरापासून लांब एक लांबट बोगदा खणला. त्याच्या टोकाला मांडणी: सोल सँड या नेदरमधल्या वाळूचे चार ब्लॉक इंग्रजी टी अक्षरासारखे, एक खाली आणि तीन वर आडवे, आणि त्या तिघांवर तीन कवट्या. शेवटी ठेवायची ती कवटीच. दोन ठेवल्या, तिसरी ठेवताना हात थरथरत होता. ठेवली. मागे पळाले. वळून बघितलं तर काहीच नाही. तीन कवट्या नुसत्या बसलेल्या.

वही उघडली. चित्रात टीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत फुल्या होत्या: ही घरं रिकामी. बोगद्यात मी तिथला दगड काढलाच नव्हता, टीच्या आकाराचाच खड्डा केला होता. दगड काढले, तरी काही झालं नाही. कारण गेम ही मांडणी तपासतो ती फक्त कवटी ठेवण्याच्या क्षणी. म्हणून एक कवटी काढून पुन्हा ठेवावी लागली. ठेवली आणि स्क्रीनच्या वरच्या बाजूला विदरच्या जिवाची जांभळी पट्टी भरायला लागली.

त्यानंतर अकरा सेकंद असतात. तेवढ्यात लांब पळायचं, कारण शेवटी मोठा स्फोट होतो. माझ्या बोगद्याचं टोकच उडालं. पहिला अर्धा जीव धनुष्याने, कारण तोपर्यंत तो वर तरंगत असतो. एकूण जीव तीनशे. निम्म्यावर आला की त्याच्याभोवती कवच येतं, बाण लागत नाहीत, मग तलवार. त्याच्या कवट्या येऊन फुटत होत्या, माझी हृदयं काळी झाली, एक बादली दूध गेलं, सोन्याची दोन सफरचंदं गेली. मी कितीतरी वेळ श्वास धरून होते. स्माइटच्या आठ-दहा घावांत तो संपला. धूर निवळला तेव्हा जमिनीवर पांढरा तारा फिरत होता. उचलल्यावर पहिलं काय केलं असेल तर घरापर्यंत एकही उडी न मारता चालत गेले आणि तो पेटीत ठेवला.

चौथरा २६ आणि २७ ऑक्टोबरला बांधला. घरामागच्या टेकडीवर, वर आभाळ मोकळं असलेल्या जागी. झोताच्या वाटेत दगड-मातीचा एकही ब्लॉक आला तर बीकन पेटत नाही, काच चालते. आणि चौथरा आतून भरीवच हवा, बाहेरून दिसणारे ब्लॉक ठेवून आत पोकळ ठेवता येत नाही. सगळ्यात वर बीकन ठेवलं आणि झोत वर गेला. मी हात जोडले.

मग बीकन उघडलं. डावीकडची सगळी चिन्हं उजळ, उजवीकडची राखाडी. म्हणजे तीन थर मान्य, चौथा नाही. गेम वरून खाली थर मोजत येतो आणि जो पहिला अपुरा सापडला तिथे थांबतो. झोत तर सुरू होता, त्यामुळे नुसतं बघून काही कळलंच नसतं. तळाच्या ८१ पैकी बाहेरची कड दिसत होती, ती मी फिरून फिरून मोजली. बरोबर होती. आतले ४९ वरच्या थराखाली झाकलेले.

रात्री पेटीत लोखंडाचा एक ब्लॉक दिसला. मी मोजून १६४ च बनवले होते आणि वर एक इंगट, शक्ती निवडताना बीकनला द्यायला. ब्लॉक उरायला नको होता. वीस वर्षं हिशेब बघते आहे, एक जास्त निघाला म्हणजे कुठेतरी एक कमी लागलाय, हे लगेच कळलं. पण कुठे? ओम फोनवर म्हणाला, "काही तोडू नकोस. आम्ही रविवारी भाऊबीजेला येतोय, मी बघतो."

३ नोव्हेंबरला दादाला ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि ओम लॅपटॉपपाशी बसला. मी धरून चाललेले की वरचे थर उतरवावे लागणार. त्याने तसं काहीच केलं नाही. टेकडीच्या कडेने खाली शिरून त्याने चौथऱ्याच्या बरोबर खाली एक बुटकी खोली खणली, मशाल लावली आणि वर बघितलं. लोखंडाचं गुळगुळीत पांढरं छत, आणि त्यात मध्याच्या जरा डावीकडे एक खडबडीत, तपकिरी झाक असलेला चौकोन. कच्च्या लोखंडाचा ब्लॉक. खाणीतून आणताना मी कच्चं लोखंड नऊ-नऊचं बांधून आणायचे, त्यातला एक राहिलेला संध्याकाळच्या अंधारात तळाच्या थरात गेला होता. चौथऱ्याला तो चालत नाही.

"तू काढ," ओम म्हणाला आणि बाजूला सरकला. मी खालूनच तो काढला, पेटीतला ब्लॉक तिथे लावला. वर जाऊन बीकन उघडलं. उजवीकडची चिन्हं उजळली होती. आम्ही हेस्ट, म्हणजे खणण्याचा वेग वाढवणारी शक्ती, निवडलं, दुसऱ्या पायरीचं. इंगट ठेवला, हिरवी खूण दाबली. चारही बाजूंना पन्नास ब्लॉकपर्यंत ही शक्ती पोचते. शक्ती नंतर बदलता येते, दर वेळी एक इंगट द्यायचा. ओमने बीकनवर केशरी काच ठेवली तसा झोत केशरी झाला. दादा मागे उभा राहून बघत होता, त्याने काही विचारलं नाही, फक्त ओमच्या डोक्यावर हात ठेवला. मग ओमने माझं एफिशियन्सी पाचचं, म्हणजे भराभर खणण्यासाठी मंतरलेलं, पिकॅक्स घेऊन टेकडीला लावलं. दगडाला नुसता स्पर्श झाला की तो नाहीसा होत होता, एकामागून एक, तो चालतोय त्याच वेगाने.

ते संध्याकाळी सहाच्या एसटीने गेले. खालची ती बुटकी खोली मी बुजवलेली नाही, मशालही तशीच आहे.

आता वहीत नवं पान आहे: कंड्युइट, म्हणजे पाण्याखाली शक्ती देणारी अशीच एक मांडणी. समुद्रात मांडायचं, आठ नॉटिलस शिंपले आणि एक हार्ट ऑफ द सी, भोवती प्रिझमरीनचे ४२ ब्लॉक, आणि मध्ये ३×३×३ नुसतं पाणी. त्या पाण्याच्या घरांत फुल्या मारून झाल्या आहेत. शिंपले तीन मिळालेत.